बिजवाईची चार झाडं



मागच्या वर्षी मृग लागला त्या आठवड्यात आमच्या गटातल्या अकरा जणींनी फुलांच्या बियाण्याची अकरा पाकिटं घेतली. बैठकीला उशिरा येणाऱ्यांकडून जो दंड जमतो, त्यातून ४४० रुपये काढले होते. पाकिटावर पांढऱ्याशुभ्र फुलांचा गालिचा छापलेला आणि नाव लिहिलेलं, ॲलिसम. विकणारा म्हणाला, "बाराही महिने फुलते, केव्हाही लावा." आम्ही लावलं. आठ दिवसांत केसासारखी बारीक रोपं वर आली. मग चार दिवस झड लागली आणि सगळी रोपं बुडाशी कुजून आडवी झाली. अकरा घरांत मिळून एक फूल आलं नाही.

पुढच्या बैठकीत यावरून चांगलंच वाजलं. एक ताई म्हणाली, "जे ताटात येत नाही त्याले पाणी आन पैसा कायले घालाचा?" दुसरीनं हिशेबाची वही उघडून दाखवली. शेवटी गटातल्या सगळ्यांत मोठ्या आजी बोलल्या, "बायांनो, पाहुणा घरी आणला, पण त्याचं गाव कोणतं, तो खाते काय, हे कोणी विचारलं काय?"

हा प्रश्न आम्हाला लागला. आम्ही त्या पाहुण्याचं गाव शोधायला निघालो आणि शोधता शोधता आपल्याच वाडीच्या इतिहासात येऊन पोचलो. आज तेच सांगायचं आहे.

सुरुवात आपल्या वाडीपासून करू. कोणी सांदवाडी म्हणतं, कोणी बाडी, सरकारी कागदात परसबाग. आपल्या गोंदिया जिल्ह्यात सातबाऱ्यावर बहुतेक ठिकाणी घरच्या पुरुषाचं नाव असतं. धान कोणतं लावायचं, किती विकायचं, हे तोच ठरवतो. पण घरामागच्या त्या दोन-चार वाफ्यांत काय लावायचं, हे बाई ठरवते. म्हणून वाडीचा इतिहास हा बायांच्या हातचा इतिहास आहे. तो कुठल्या गॅझेटियरमध्ये सापडायचा नाही. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तलावाला असं नाव मिळालं. त्या तलावाच्या पाण्यावर ज्या वाड्या पिकल्या, त्यांतलं बी कोणी राखलं, त्यांचं नाव मात्र कोणाला ठाऊक नाही.

आता वाडीत उभं राहून एकेका झाडाला त्याचं गाव विचारू. दसऱ्याला ज्याचं तोरण बांधतो तो झेंडू मेक्सिकोचा. तिथले लोक पूर्वजांच्या आठवणीच्या सणाला अजूनही झेंडूच्या फुलांनी वाट सजवतात. पोर्तुगिजांच्या जहाजांचा काळ सुरू झाला तेव्हा तो समुद्रापलीकडून इकडे आला. संध्याकाळी उमलणारी गुलबक्षी अमेरिका खंडातली. देवाला वाहतो ती सदाफुली मादागास्कर बेटावरची, आणि तिच्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात. शेवंती चीनची. देवळासमोरचा पांढरा चाफाही अमेरिकेकडचाच. आपण ज्याला जाम म्हणतो तो पेरू आणि त्याच्या शेजारची पपई, दोन्ही अमेरिकेच्या उष्ण भागातली. आणि जिच्यावाचून आपला रस्सा होत नाही ती मिरची? तीसुद्धा तिकडचीच. साधारण पाचशे वर्षांपूर्वी ती हिंदुस्थानात नव्हती.

म्हणजे मैत्रिणींनो, ज्यांना आपण अगदी घरचे समजतो त्यांतले कितीतरी पाहुणे म्हणून आलेले. मग ते घरचे झाले कसे? मिरचीकडे पाहा. नागपूर जिल्ह्यात भिवापूरची मिरची आहे. तिला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे ती त्या मातीचीच म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. परदेशातून आलेलं बी त्या गावचं झालं, ते तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं चांगल्या झाडाची मिरची वाळवून, तिचं बी राखून, पुन्हा पेरून. जहाजानं बी फक्त किनाऱ्यापर्यंत आणलं. पुढचं काम राखणाऱ्या हातांनी केलं.

आता आपल्या पाहुण्याचं गाव. ॲलिसम मूळचं भूमध्य समुद्राच्या काठचं. स्पेन, इटली, उत्तर आफ्रिका या भागात समुद्राच्या वाळूत, खडकांच्या फटीत ते आपोआप उगवतं. १७५३ साली स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञानं आपल्या ग्रंथात त्याची नोंद केली आणि त्याच्या नावात 'मारिटिमा', म्हणजे समुद्राकाठची, असा शब्द घातला. पुढे १८१५ मध्ये त्याचं कुळनाव बदलून लोब्युलॅरिया झालं. शास्त्राच्या पुस्तकात आज तेच नाव आहे, पण बाजारात मात्र जुनं ॲलिसम हेच चालतं.

या ॲलिसम शब्दाचीही एक गंमत आहे. ग्रीक भाषेत 'लिसा' म्हणजे पिसाळणं, आणि 'अ' म्हणजे नाही. या नावाच्या वनस्पतीनं पिसाळलेल्या कुत्र्याचं विष उतरतं, अशी जुन्या काळी तिकडे समजूत होती. समजूत खोटी होती. फ्रान्समध्ये लुई पाश्चरनं १८८५ साली लस टोचून एका मुलाला वाचवलं, तेव्हा या रोगावर खरा इलाज सापडला. आपल्या गावातही कुत्रा चावला की अजून कोणी पाला बांधतं, कोणी हळद लावतं. तायांनो, तसं करू नका. जखम साबणानं आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा.

आणखी एक गोष्ट आम्हाला कळली तेव्हा आजी हसल्या. ॲलिसम हे मोहरी, मुळा, कोबी यांच्याच कुळातलं आहे. मोहरीचं फूल जवळून पाहिलं असेल तर चार पाकळ्या दिसतात, अधिकच्या चिन्हासारख्या. ॲलिसमचं फूल तसंच, फक्त पांढरं आणि अगदी बारीक, आणि वास मधासारखा. "म्हणजे आपल्या मोहरीची मावसबहीणच होय," आजी म्हणाल्या.

ही मावसबहीण आपल्या देशात आली ती साहेबांच्या बंगल्यांतून. इंग्रजांना इथल्या हिवाळ्यात आपल्या देशाची आठवण यायची आणि ते विलायतेहून बी मागवायचे. १८२० मध्ये विल्यम कॅरी यांनी कलकत्त्याला शेती आणि बागकामाची संस्था काढली. १८३० मध्ये तशीच एक संस्था पश्चिम हिंदुस्थानासाठी निघाली. पुण्याची एम्प्रेस गार्डन आज तीच संस्था चालवते आणि जानेवारीत तिथे फुलांचं मोठं प्रदर्शन भरतं. १८६० च्या दशकात फर्मिंजर नावाच्या पाद्र्यानं हिंदुस्थानातल्या बागकामावर इंग्रजीत जाडजूड पुस्तक लिहिलं आणि ते कित्येक वर्षं पुन्हा पुन्हा छापलं गेलं. आपल्या बाजूला पाहायचं तर नागपूरचा महाराजबाग मूळचा भोसल्यांचा. १९०६ मध्ये नागपूरला कृषी महाविद्यालय सुरू झालं आणि पुढे हा बाग शेतीच्या शिक्षणाशी जोडला गेला.

या बागवाल्यांना एक गोष्ट लवकर कळली. विलायतेत जे फूल उन्हाळ्यात फुलतं, ते इथे हिवाळ्यात फुलतं. तिकडचा उन्हाळा आपल्या हिवाळ्यासारखा. म्हणून पेटुनिया, फ्लॉक्स, पँझी आणि ॲलिसम ही सगळी मंडळी आपल्याकडे पाऊस उघडल्यावर पेरायची आणि थंडीत पाहायची. दीडशे वर्षांपासून माळ्यांना ठाऊक असलेली ही गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती, आणि पाकिटावरही लिहिलेली नव्हती. आमचे ४४० रुपये तिथे बुडाले.

आता तुम्ही म्हणाल, साहेबांच्या बंगल्यातलं फूल आपल्या वाडीत कशाला? ज्या ताईनं ताटाचा प्रश्न केला होता, तिलाही उत्तर हवं होतं. ते उत्तर आमच्यापर्यंत एका दुःखाच्या वाटेनं आलं.

आमच्याच गटातल्या एकीच्या वाडीत पोपटाच्या शेंगांवर मावा पडला होता. वेल काळा दिसत होता. घरात धानावर मारायच्या औषधाचा उरलेला डबा होता. तेच तिनं मारलं. तिसऱ्या दिवशी नातवानं खेळता खेळता कोवळ्या शेंगा तोडून खाल्ल्या. रात्री उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांना पाणी, तोंडाला लाळ. रात्रीच दवाखान्यात नेलं म्हणून वाचला. ती बाई पुढचे दोन महिने बैठकीला आली नाही. आली तेव्हा एवढंच म्हणाली, "माह्या हातानं मारलं होतं वं माय."

फवारणीचं विष काय करतं हे विदर्भाला नवीन नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, त्याची आठवण सगळ्यांना आहे. पण ते शेतातलं झालं. आता विष घरामागच्या वाडीत आलं होतं, जिथून लेकरू हातानं तोडून खातं.

त्या दिवशी आम्ही आजींना विचारलं, "तुमच्या वेळी मावा नव्हता काय?" आजी म्हणाल्या, "होता ना. पण एवढा नव्हता." मग त्यांनी जुनी वाडी सांगायला घेतली. वांग्याचं पहिलं मोठं फळ तोडायचं नाही, पिवळं होऊ द्यायचं. दोडक्याचं एक फळ वेलीवरच वाळू द्यायचं. मुळ्याची दोन झाडं, मोहरीची दोन झाडं, सांबाराचा एक कोपरा उपटायचा नाही, तुरे येऊ द्यायचे. याला बिजवाईची झाडं म्हणत. ती वाळली की बी राखेत मिसळून मडक्यात ठेवायचं. भाऊबिजेला माहेरी गेलेली लेक येताना पदराच्या गाठीत बी घेऊन यायची आणि इथलं तिकडे द्यायची.

आजींच्या बोलण्यातली एक गोष्ट आमच्या कानात राहिली: तुरे येऊ द्यायचे. म्हणजे थंडीभर त्या वाडीत सांबाराची पांढरी फुलं, मोहरीची पिवळी, मुळ्याची जांभळट फुलं उभी असायची.

ही फुलं कोणासाठी असतात, हे आम्ही कृषी सहायकांना विचारलं. त्यांनी वाडीतच दाखवलं. फुलावर एक लहानशी माशी हवेत एका जागी थांबल्यासारखी उडते. अंगावर पिवळे-काळे पट्टे, म्हणून आपण तिला गांधीलमाशी समजून हाकलतो. पण तिला नांगी नसते. तिला सिरफिड माशी म्हणतात. ही माशी स्वतः फुलातला मध आणि पराग खाते, आणि अंडी घालते माव्याच्या थव्यात. अंड्यातून हिरवट, बिनपायाची अळी निघते आणि ती मावा खात सुटते. मोठी होईपर्यंत एकेक अळी शेकडो मावा संपवते. ढालकिडाही, म्हणजे तो लाल, काळ्या ठिपक्यांचा किडा, मावाच खातो. पण मोठ्या माशीला जवळ फूल हवं. फूल नाही तर माशी नाही, माशी नाही तर अळी नाही.

आमच्या डोक्यात तेव्हा लख्ख उजेड पडला. आपण पाकिटातलं बी आणायला लागलो, तेव्हा बिजवाईची झाडं राखायची गरज उरली नाही. संकरित वाणाचं बी राखलं तर पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही, म्हणून राखण्यात अर्थही उरला नाही. सांबार कोवळा असतानाच उपटला, मुळा खाल्ला, वाफा रिकामा. वाडी स्वच्छ दिसायला लागली, पण थंडीत तिच्यात फूल उरलं नाही. आजींच्या पिढीनं माशीचा विचार करून तुरे ठेवले नव्हते, बियाण्यासाठी ठेवले होते. त्या चार झाडांनी माशीचं पोट आपोआप भरलं. बी राखणं सुटलं, त्यासोबत ही राखणदारीणही गेली, असं आम्हाला वाटतं.

आता ॲलिसमकडे परत येऊ. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात सॅलिनास नावाचं खोरं आहे. तिथे सॅलडचा पाला, म्हणजे लेट्यूस, मैलोन्‌मैल पिकतो. हा पाला कच्चाच खातात, त्यामुळे त्यात मावा चालत नाही आणि सेंद्रिय शेतीत रासायनिक विषही मारता येत नाही. तिथले शेतकरी पाल्याच्या ओळींमध्ये ॲलिसम लावतात. ते लवकर फुलतं, पुष्कळ दिवस फुलत राहतं आणि सिरफिड माशीला फार आवडतं. साहेबाच्या बंगल्यासमोरचं शोभेचं फूल तिथे राखणदार म्हणून कामाला लागलं आहे. ताटाचा प्रश्न विचारणाऱ्या ताईला आम्ही हे सांगितलं. ती म्हणाली, "मंग एक वाफा देऊन पाहू."

या खेपेला आम्ही पाहुण्याचं ऐकून पेरणी केली. कशी केली ते सांगतो, लिहून घ्या.

वेळ कोजागिरीपासून मंडईच्या दिवसांपर्यंतची. हलकं धान कापणीला येतं, पाऊस उघडतो, रात्री गार व्हायला लागतात, तेव्हा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान कधीकधी १० अंशांच्या खाली जातं. ती थंडी याला मानवते.

माती पाणी धरून ठेवणारी नको. कन्हार माती असेल तर तिच्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. सिहार माती असेल तर नुसतं शेणखत पुरे. कुंडीत लावलं तर बुडाला भोक हवंच. फुटका माठ किंवा तेलाचा डबाही चालतो.

बी फार बारीक, एका ग्रॅममध्ये साधारण ३,००० दाणे येतात. म्हणून चिमूटभर बी मूठभर कोरड्या वाळूत मिसळून शिंपडा. वरून माती टाकू नका, कारण या बियाला उगवायला उजेड लागतो. नुसतं तळहातानं दाबा. पाणी झारीनं किंवा ओल्या फडक्यानं शिंपडा. आठ-दहा दिवसांत उगवतं. रोपं बोटभर झाली की वीत-वीत अंतर ठेवून बाकीची काढा. सहा ते आठ आठवड्यांत फूल येतं. झाड वीतभरच वाढतं आणि आडवं पसरतं, म्हणून भाजीच्या वाफ्याच्या कडेला छान बसतं. ऊन भरपूर हवं, पाणी बेताचं. पहिला बहर ओसरला की कात्रीनं वरून अर्धं छाटा, पुन्हा फुटतं. मार्चचं ऊन लागलं की ते जातं. त्याला वाचवायच्या नादाला लागू नका.

आणि लक्षात ठेवा, ते मोहरीच्या कुळातलं आहे. मोहरी-मुळ्यावर पडणारी कीड याच्यावरही पडू शकते. मधूनमधून पानं उलटून पाहा.

आता खरं काय झालं ते. आमच्या अकरापैकी आठ घरांत फुलं आली. तीन घरांत कोंबड्यांनी उकरलं. माव्याचं म्हणाल तर तो पूर्ण गेला नाही. फुलांजवळच्या वेलींवर कमी दिसला, लांबच्यांवर होता. तिथे आम्ही पाण्याचा जोरदार फवारा मारला आणि निंबोळी अर्क वापरला. एका फुलानं सगळं होईल असं आम्ही कोणाला सांगणार नाही. पण आठही वाड्यांत त्या थंडीत धानाच्या औषधाचा डबा उघडला नाही. ज्या बाईच्या नातवाला त्रास झाला होता, तिनं तो डबा घरातूनच काढून टाकला. तिच्या वाडीतली फुलं सगळ्यांत दाट आली.

ॲलिसम हे नाव आजींच्या तोंडात बसेना. पांढरी बारीक फुलं पाहून त्या म्हणाल्या, "हे त कणी सांडल्यासारखं दिसते." तेव्हापासून आमच्या गटात त्याला कणीफूल म्हणतात. झेंडू, गुलबक्षी, जाम यांनाही असंच कुठल्यातरी आजीनं कधीतरी आपलं नाव दिलं असेल.

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही सगळ्यांत निरोगी झाडं निवडून त्यांना दोरा बांधला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतात वेगळ्या दिसलेल्या धानाच्या लोंब्या बाजूला काढून त्यातून एचएमटी वाण घडवलं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं राखलं, म्हणून २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं काम फार मोठं. पण सुरुवात तीच आहे, चांगलं झाड ओळखून ते न तोडणं. कणीफुलाच्या चपट्या गोल शेंगा तपकिरी झाल्या की तुरे कागदावर झटकायचे आणि बी कागदी पुडीत बांधून कोरड्या डब्यात ठेवायचं. रंगीत वाणांचं बी सारखंच येईल असं नाही. पांढरं मात्र बहुधा पांढरंच येतं.

त्या कागदावर कणीफुलासोबत आम्ही सांबार, मोहरी आणि मुळ्याचंही गावरान बी घेतलं. गटानं ठराव केला आहे: प्रत्येक वाडीत थंडीभर बिजवाईची चार झाडं उभी राहतील, त्यांतलं एक कणीफूल. ठराव वहीत लिहिला आणि खाली अकरा सह्या झाल्या, त्यांत दोन अंगठे.

या भाऊबिजेला तुम्ही माहेरी जाल तेव्हा रिकाम्या हातानं येऊ नका. आईला, वहिनीला विचारा, घरात कोणतं जुनं बी आहे. पदराला गाठ मारून घेऊन या, आणि आणताना हेही विचारून घ्या, की ते पेरायचं केव्हा.